इंचबाईंची घडीची सायकल

इंचबाईंना हे नाव कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण का दिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात गेली एकतीस वर्षं त्या कापड कापतात. गळ्यात टेप, कानामागे खडू, आणि चष्म्याच्या दोरीत त्या टेपचा कायमचा गुंता. कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या, तर चहा यायच्या आधी त्यांना दिसतं की डाव्या खिडकीचा पडदा उजवीपेक्षा दोन बोटं आखूड आहे. बोलत काही नाहीत. पण घरातल्या माणसाला कळतं, आणि पुढच्या खेपेला पडदा सारखा झालेला असतो.

त्यांचं काम दिसायला सोपं आहे. लांब टेबलावर कापडाचे सत्तर-ऐंशी थर एकावर एक पसरायचे, वर खाकी कागदाचे पॅटर्न मांडायचे, खडूने रेघ मारायची आणि उभ्या पातीचं मशीन त्या रेघेवरून चालवायचं. बस. फक्त हात अर्ध्या इंचाने हलला तर एक नव्हे, ऐंशी शर्टांच्या बाह्या एकदम आखूड होतात. बाईंच्या हातून एकतीस वर्षांत एक थर वाया गेलेला नव्हता. सकाळी आठला त्यांच्या टेबलावरून पहिला गठ्ठा निघे, आणि मग पलीकडच्या दालनातली बत्तीस मशीनं सुरू होत. तो घरघराट कानावर पडला की बाईंना दिवस रुळावर आल्यासारखा वाटे.

मग कारखाना हलला. जुनी जागा अपुरी पडत होती म्हणून मालकांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्टेशनपासून चार किलोमीटरवर मोठी जागा घेतली. उजेड छान, टेबल दीडपट लांब. सगळं उत्तम, फक्त बाईंची गाडी सात एकतीसला पोहोचे आणि स्टेशनबाहेरची पहिली बस आठ पाचला सुटे. चालत गेलं तरी आठ पंधरा होत. एवढा वेळ बत्तीस मशीनं हातावर हात ठेवून बसत.

बाईंनी आधीची गाडी धरून पाहिली. ती सुटे पहाटे साडेचारला. आठवडाभर त्या अंधारात घराबाहेर पडल्या, बंद फाटकाशी पायरीवर बसून राहिल्या, आणि सातव्या दिवशी कापडावर पाती चालू असताना त्यांची मान पुढे कलंडली. क्षणभरच. पण समोर मालक उभे होते.

मालक माणूस भला. ओरडले नाहीत. मशीन बंद केलं, बाईंना पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, दहा बोटं शाबूत आहेत तोवर जुन्या जागेतल्या आपल्या दुकानात या. गिऱ्हाइकांची मापं घ्या, खुर्चीवर बसून. घरापासून दहा मिनिटं. टेबलाचं मी बघतो."

"कधीपासून?"

"पहिल्या तारखेपासून."

"आणि पहिल्या तारखेला मी आठच्या आत इथे आले तर? जागी?"

मालक हसले. "तर टेबल तुमचंच. मला काय हौस आहे?"

पहिली तारीख अठरा दिवसांवर होती. बाईंना जुन्या दुकानाचा राग नव्हता, पण मापं घेणाऱ्याच्या हातात कात्री नसते. दिवसभर लोकांच्या कंबरा मोजायच्या आणि कापायचं दुसऱ्याने, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून नुसता वास घेण्यासारखं.

दोन दिवसांनी फलाटावर त्यांना उत्तर दिसलं. पुढच्या डब्यातून एक उंच माणूस उतरला. हातात कसलंसं लोखंडी गाठोडं. त्याने ते खाली ठेवलं, एक खिट्टी ओढली, एक दांडा वर केला, आणि गाठोड्याची सायकल झाली. बाई बघतच राहिल्या. माणूस तोवर कोपऱ्यावरून दिसेनासाही झाला. घडी मोडायला वीस सेकंद लागली असतील. बाईंनी एकतीस वर्षं घड्या पाहिल्या होत्या, पण स्वतःच्या पायांनी पळून जाणारी घडी पहिल्यांदाच.

साधी सायकल घेऊन स्टेशनबाहेर ठेवण्याचा विचार त्यांनी केला नव्हता असं नाही. पण तिथे उभ्या केलेल्या सायकलींची चाकं संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत असा सर्वांचा अनुभव होता. आणि उघडी सायकल सकाळच्या गाडीत चढवायला बंदी. घडीच्या सायकलीला मात्र मुभा होती. डब्यातल्या पाटीवर नियम स्पष्ट लिहिला होता: घडी घातलेली सायकल शेवटच्या बाकाच्या पाठीमागे, पिवळ्या रेषेच्या आत ठेवावी, येण्याजाण्याच्या वाटेत ठेवू नये.

म्हणजे प्रश्न मापाचा होता. आणि मापाचा प्रश्न असला की बाईंची झोप उडत नसे, उलट भूक वाढे.

दुसऱ्या दिवशी त्या गाडीत गुडघ्यांवर बसल्या आणि शेवटच्या बाकामागची फट टेपने मोजायला लागल्या. बाकाची पाठ मागे झुकलेली, त्यामुळे फट वर अरुंद आणि जमिनीशी रुंद. माप नेहमी अरुंद जागेचं घ्यावं. त्यांनी वरचं घेतलं: बारा इंच. लांबी सव्वीस. उंचीला अडचण नव्हती. बाई वहीत लिहीत असताना बाकावरच्या गृहस्थांनी अदबीने विचारलं की रेल्वे बाकं रुंद करणार आहे का. बाईंनी सांगितलं, रेल्वेचं माहीत नाही, पण तुमच्या उजव्या पायाची पँट अर्धा इंच लांब आहे. गृहस्थ उरलेला प्रवासभर पायांकडे बघत होते.

रविवारी त्या स्टेशनपासून कारखान्यापर्यंतचा रस्ता पायी चालून आल्या, सायकलीच्या नजरेने. पहिला किलोमीटर गुळगुळीत. मग दगडी फरशीचा तुकडा, दगडांमध्ये अंगठा जाईल एवढ्या भेगा. मग कालव्यावरचा पूल आणि त्याआधीचा चढ. शेवटी सरळ रस्ता. सगळं वहीत गेलं.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी खाकी कागद जमिनीवर पसरला. त्यांचे यजमान चौकात टपरी टाकून किल्ल्या करून देतात. ते सुपारी कातरत शेजारी बसले. बाईंनी खडूने आखलं, कडेने सवयीचा हात फिरवला, कापलं, आणि कागदाचे तुकडे कडेला कड लावून चिकटपट्टीने जोडले. बिनझाकणाची एक लांबुडकी पेटी तयार झाली. दुकानातली सायकल या पेटीत बसली की डब्यात बसणारच.

यजमान म्हणाले, "अगं, मलाही विचारत जा जरा. खाचेत बसणाऱ्या वस्तू करण्यात माझाही जन्म गेलाय."

"तुमची किल्ली खिशात मावते. यातलं तुम्हाला कळायचं नाही."

"बरं बाई," यजमान म्हणाले, आणि सुपारी तोंडात टाकली.

सायकलीचं दुकान एक बाईमाणूसच चालवत होती. तिशीची, दंडापर्यंत ग्रीसने माखलेली. कागदाची पेटी काखेत धरून आलेलं गिऱ्हाईक तिने आजवर पाहिलं नव्हतं. तिने तीन घडीच्या सायकली पुढे आणून ठेवल्या आणि गिअरपासून सुरुवात केली. बाईंनी हात वर केला. गिअर मग. आधी घडी घालून दाखव.

पहिली होती लाल, मोठ्या चाकांची. चालवायला ऐसपैस, पण घडी घातली की पलंग दुमडल्यासारखी दिसे. पेटीत तिचं एक चाकसुद्धा नीट जाईना. सायकलवाली म्हणाली की लोक हीच जास्त नेतात. बाई म्हणाल्या, लोक ती गच्चीत ठेवत असतील.

दुसरी काळी. चाकं जेवणाच्या ताटाएवढी. घडी अशी सुबक की बाईंना तिच्याविषयी आदर वाटला. पेटीत घातली तर चारी बाजूंनी हात फिरेल इतकी जागा उरली. सायकलवालीने डोळे मिटून हीच घ्या म्हणून सांगितलं. बाई दुकानासमोर एक फेरी मारून आल्या. पाय शिवणमशीनवर चालावेत तसे चालले, आणि रस्ता काही संपेना. शिवाय वहीत फरशीच्या भेगा होत्या. त्यांनी अंगठा चाकाशेजारी धरला आणि मान हलवली. भेगेत हे चाक अडकलं की सायकल तिथेच राहील आणि बाई पुढे जातील.

तिसरी होती हिरवी. कोवळ्या पानाचा असतो तसला हिरवा. चाकं मधली, तीन गिअर, घडी तीन हालचालींत. बाईंनी तिची घडी दहा वेळा घातली आणि दहा वेळा मोडली. पहिल्यांदा बोट चिमटलं, चौथ्यांदा पॅडल उलटं राहिलं, दहाव्यांदा अठरा सेकंद. बिजागरीजवळचा जोड त्यांनी नखाने तपासला, जसा त्या शिवणीचा टाका तपासत. मग सायकल उचलली.

"अकरा किलो आहे, मावशी," सायकलवाली म्हणाली. "जिन्याने रोज जमेल?"

"कापडाचा तागा चौदा किलोचा असतो," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं जमतंय."

चढ कसा जातो ते बघायला त्यांनी हिरवी चढत्या गल्लीच्या टोकापर्यंत पिटाळली. परत आल्या तेव्हा चष्मा कपाळावर गेला होता आणि चेहरा असा झाला होता, की सायकलवालीला आता सौदा मापावर राहिलेला नाही हे कळून चुकलं. तरी माप घ्यायचंच होतं. घडी घातली, पेटीत उतरवली. अलगद बसली. ना सैल, ना घट्ट. कडेला दोरा शिरला असता, टाचणी नाही.

सायकलवाली साशंक होती. "फार नेमकं होतंय हो. काळीला कशी जागा राहते. थोडी ढील नको का?"

"माझ्या मापात ढील लागत नाही," बाई म्हणाल्या.

त्या वाक्याची आठवण त्यांना पुढे पुष्कळ दिवस येणार होती.

इमारतीच्या आवारात तीन संध्याकाळी सराव झाला. चौदाव्या वर्षानंतर बाई सायकलवर बसल्या नव्हत्या, पण पायांच्या लक्षात होतं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी कुंडी पाडली, दुसऱ्या संध्याकाळी कुंडी वाचवली आणि स्वतः पडल्या, तिसऱ्या संध्याकाळी एका हाताने घंटी वाजवत तीन फेऱ्या मारल्या. तळमजल्यावरच्या आजोबांनी खिडकीतून जाहीर केलं की रस्त्यावरच्या माणसांनी आता आपलं आपण बघावं.

पहिली तारीख उजाडली. बाई स्टेशनवर पोहोचल्या, फलाटावर अठरा सेकंदांत घडी घातली, आणि डब्यात शिरून शेवटच्या बाकाकडे गेल्या. सायकल फटीत सरकवली.

सरकेना.

खालची चाकं आत गेली, पण वरचा भाग, जिथे हँडल, सीट आणि पॅडल यांची दाटी होती, बाकाच्या पाठीला अडला. बाईंनी थोडा जोर लावून पाहिला. मग थोडं वाकडं करून पाहिलं. अर्धी सायकल वाटेत तशीच. गाडी सुटली.

आणि तिकीट तपासनीस नेमका त्याच डब्यात होता. पोरगेला, इस्त्रीचा गणवेश, नियम पाठ. त्याने पाटीकडे बोट दाखवलं. रेषेच्या आत नसेल तर पुढच्या स्टेशनवर उतरावं लागेल, म्हणाला. पुढचं स्टेशन अकरा मिनिटांवर. आणि तिथून पुढची गाडी तासाभराने.

बाईंनी गळ्याशी हात नेला. टेप काढला. फट मोजली: बारा. बरोबर. सायकल मोजली: तेरा. म्हणजे पेटी? पेटी बाराची होती. नाही. आता त्यांना आपला हात दिसला, खाकी कागदावर फिरणारा, रेघेच्या बाहेर अर्धा इंच इकडे आणि अर्धा इंच तिकडे सोडणारा, एकतीस वर्षं सोडत आला तसा. शिवणीत जाणारं मार्जिन. पेटी शिवली असती तर ते शिवणीत गेलं असतं आणि माप बरोबर आलं असतं. पण बाईंनी ती शिवली नव्हती. चिकटवली होती.

तोवर डबा कामाला लागला होता. रात्रपाळी करून घरी निघालेल्या एका नर्सने पॅडल काढून टाकायला सुचवलं. पँट अर्धा इंच लांब असलेले ते गृहस्थ, तेच ते, आज दुमडून शिवलेल्या पँटमध्ये उभे राहिले आणि बाकाची पाठ दोन्ही हातांनी पुढे ढकलू लागले. तपासनीसाने त्यांना सांगितलं की रेल्वेची मालमत्ता वाकवणं हा वेगळा नियम आहे. त्यावर नर्स त्याला म्हणाली, "अरे बाबा, नियम सांगतोस त्यापेक्षा एक बाजू धर ना."

बाईंचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. त्या फटीकडे बघत होत्या. वर अरुंद, खाली रुंद. सायकल वर जाड, खाली सपाट. अशी आकृती त्यांनी आयुष्यात हजार वेळा मांडली होती. घेराच्या परकराच्या कळ्या कापताना कापड कमी पडलं की काय करतात? एक कळी सुलटी, एक उलटी. रुंद टोकाशेजारी अरुंद टोक. कापड पुरतं.

"सरका जरा," बाई म्हणाल्या.

त्यांनी सायकल उचलली, हवेत फिरवली आणि डोक्यावर उभी केली. सीट आणि हँडल खाली, चाकं वर. मग फटीच्या तोंडाशी धरून हळूच आत ढकलली. जाड भाग जमिनीशी रुंद जागेत शिरला, वरची चाकं झुकलेल्या बाकामागे सपाट सरकली, आणि सायकल भिंतीला जाऊन टेकली. बाईंनी पिशवीतून कापडाची एक पट्टी काढून चाक बाकाच्या दांड्याला बांधलं. पिवळ्या रेषेच्या आत चार बोटं जागा उरली.

मग गृहस्थांनी बाकाची पाठ सोडून टाळी वाजवली, आणि एवढ्या सकाळी टाळ्या वाजवण्याची सवय नसलेले लोकही त्यात सामील झाले.

तपासनीस खाली वाकला. रेषा बघितली. पाटी पुन्हा वाचली, ओठ हलवत, शेवटपर्यंत.

"उलटी-सुलटी असं यात काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला, आणि त्यालाही हसू आवरेना.

सात एकतीस. अठरा सेकंद. बाई निघाल्या. गुळगुळीत किलोमीटर कधी गेला ते समजलं नाही. फरशीवर दात वाजले, चष्मा नाचला, पण हिरवीचं चाक एकाही भेगेत गेलं नाही. पुलाच्या चढावर त्यांनी गिअर टाकला, तरी मध्यावर श्वास फुलला. उतरावं का? त्यांनी मनात थर मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, आणि सत्तेचाळिसाव्या थराला पूल आला. उतारावर पाय सोडून दिले. कालव्यावरचा वारा बाह्यांत शिरला, टेप खांद्यावरून मागे फडफडत गेला. चोपन्न वर्षांच्या बाईने मोठ्याने हसू नये असं काही नाही, आणि पुलावर ऐकायला कुणी नव्हतंही.

कारखान्याच्या दारात मालक उभे होते. शेजारी जुन्या दुकानात न्यायला बांधून ठेवलेलं बाईंच्या कात्र्यांचं खोकं. मालकांनी आधी सायकल बघितली, मग घड्याळ. सात त्रेपन्न झाले होते.

"झोप झाली का, बाई?"

"सात तास."

मालकांनी ते खोकं स्वतः उचललं आणि टेबलापर्यंत नेऊन ठेवलं. बाईंनी सायकलीची घडी घालून ती टेबलाखाली सरकवली. तिथे जागाच जागा होती. आठला पहिला गठ्ठा निघाला. पलीकडे एक मशीन सुरू झालं, मग दुसरं, मग सगळी.

जेवणाच्या सुट्टीत टेबलाभोवती गर्दी झाली. प्रत्येकीला घडी घालून बघायची होती. काजं करणाऱ्या बाईने एकोणीस सेकंदांपर्यंत मजल मारली आणि तेव्हापासून ती जरा ताठ चालू लागली.

संध्याकाळी घरी बाईंनी यजमानांना सगळं सांगितलं, मार्जिनसकट. लपवता आलं असतं, पण एकतीस वर्षांत पहिल्यांदा चूक झाली होती आणि ती सांगायला घरात दुसरं होतं कोण? यजमानांनी शांतपणे ऐकून घेतलं. खिशातून एक किल्ली काढली, तिच्या दातांवरून अंगठा फिरवला.

"मी कायम कुलपापेक्षा जरा कमीच ठेवतो," ते म्हणाले. "विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"मग त्या रात्री बोलला का नाहीत?"

"यातलं मला कळायचं नाही म्हणालीस ना."

बाईंनी त्यांच्या अंगावर टेप फेकला. यजमानांनी तो झेलला आणि व्यवस्थित गुंडाळून परत दिला.

पुढच्या आठवड्यात काजं करणारी बाई टेबलाशी घुटमळली. तीही त्याच गाडीने यायची, बसची वाट बघत तिचेही पाय दुखायचे. त्या कागदाच्या पेटीचं माप मिळेल का, असं तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी बाई पेटी घेऊन आल्या. चिकटपट्टी सोडवली, तुकडे टेबलावर सपाट केले, आणि मोठ्या कात्रीने चारी कडांचा अर्धा अर्धा इंच कापून टाकला. मग प्रत्येक पॅटर्नवर लिहितात तसं कोपऱ्यात खडूने लिहिलं: घडीची सायकल. मार्जिन सोडू नये. जाड बाजू खाली.

थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ टाकली: काळी पण चालवून बघ (फरशीवर मात्र उतर), पाय लहान आहेत तुझे.